एकशे चौदा किलो कातरण

"शिल्लक कातरण दाखवा," ऑडिटर म्हणाला.

त्याच्या टॅबवर मीच भरलेला आकडा उघडा होता. साठ्यात शिल्लक, एकशे चौदा किलो. शेडच्या ज्या कोपऱ्यात तो साठा असायला हवा होता तिथं एक खराटा, बायकांच्या चपला आणि दोन रिकाम्या गोण्या होत्या.

"इथं नाही," मी म्हटलं.

"मग कुठं आहे?"

"घरोघरी. गोधड्यांत."

तो हसला नाही. तिशीच्या आतला मुलगा, पुण्याहून सकाळीच आलेला, शर्ट खोचलेला, बोलायला नीट. "मॅडम, म्हणजे साठ्यात नाही," एवढंच म्हणाला आणि टॅबवर काहीतरी टिपलं.

तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. दर शनिवारी काम उरकलं की कापडाचं कातरण आमच्या बायका वाटून घेतात आणि घरी नेतात. ते जाण्याआधी मी वजन करते, कारण वजन भरावंच लागतं. भरताना पोर्टलवर चार रकाने येतात. विकलं, नष्ट केलं, शिल्लक, इतर. मी प्रत्येक वेळी 'शिल्लक'वर बोट ठेवलं. विकलं नव्हतं, जाळलं नव्हतं, आमच्याच बायकांच्या घरी होतं. म्हणजे आमच्याकडंच होतं. वर्षभर मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

हे वजनाचं प्रकरण काय ते सांगायला हवं. आम्ही परदेशात जाणारी बाळांची झबली, टोपडी आणि दुपटी शिवतो. गिऱ्हाइकाला कापूस शाश्वत शेतीतला लागतो, म्हणजे कमी पाण्यावर आणि कमी फवारणीत आलेला. आमच्या जुन्नर-आंबेगावात कापूस पिकतच नाही. तो पिकतो लांब, तिकडं खानदेश-विदर्भात. तिथल्या जिनिंगमध्ये असा कापूस आला की जेवढे किलो रुई, तेवढे क्रेडिट संगणकावर जमा होतात. रुई सूतगिरणीत गेली की क्रेडिट गिरणीच्या खात्यावर जातात, तिथून कापडवाल्याच्या, तिथून आमच्या आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या. गिरणीत तो कापूस बाकीच्या कापसात मिसळतो. एकदा सूत झालं की कुठला धागा कुणाच्या रानातला हे कुणी सांगू शकत नाही. सांगावं अशी अपेक्षाही नाही, नियमच तसा आहे. फक्त प्रत्येक टप्प्यावर वजन जुळलं पाहिजे. आमच्याकडं कापड आलं किती, कपडे होऊन गेलं किती आणि कातरण उरलं किती.

जुळलं नाही तर अर्थ असा निघतो की तुम्ही ते कापड बाजूला विकलंत, दुसरंच काहीतरी शिवलंत आणि क्रेडिट त्याला लावलेत. मग खातं गोठवतात. खातं गोठलं की गिऱ्हाईक जातं. आणि आमच्या शेडला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बारा मशिनी, बारा बायका आणि तेरावी मी, सगळ्या त्या एका खात्यावर उभ्या होतो.

"किती वेळ देताय?" मी विचारलं.

"आज-उद्या मी नारायणगावला दुसऱ्या युनिटमध्ये आहे. उद्या दुपारी परत येतो. माल दाखवा किंवा विक्रीची पावती दाखवा. दोन्ही नसलं तर मला तसं लिहावं लागेल."

तो गाडीत बसून हायवेला लागला तशा मशिनी थांबल्या. आमच्या कटिंगच्या मावशी येडगावहून एसटीनं येतात. वयानं सगळ्यांत मोठ्या, हात सगळ्यांत सरळ. त्या कात्री खाली न ठेवताच म्हणाल्या, "म्हंजी आमी चोरलं म्हणतोय का त्यो?"

"चोरलं म्हणत नाही. दाखवा म्हणतोय."

"मग दाखवू की. त्यात काय लाज? माझ्या घरीच चार वाकळा हायेत."

ओव्हरलॉकवरच्या भाभी तोंडातला धागा तोडत म्हणाल्या, "मी तीन आणते. चौथी नाही आणणार." भाभी मंचरच्याच, माहेर जुन्नरचं, तीन पिढ्या शिलाईकामातल्या.

"का?"

"तिच्यावर नातू झोपतो. लेक बाळंतपणाला आलीये. महिन्याच्या लेकराखालून अंथरूण ओढू काय?"

"त्याला बी आणा की मग," मावशी म्हणाल्या. "शाश्वत नातू हाय म्हणावं."

सगळ्या हसल्या. मी पण हसले.

दुपारी पुण्याहून खरेदीच्या एजंटबाईंचा फोन आला. वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, मला ताई म्हणतात. ऑडिटरनं त्यांना कळवलं होतं.

"ताई, एवढं काय त्यात? चिंध्यावाल्याची एक पावती घ्या. मागच्या तारखेची. शंभर-सव्वाशे किलो कातरण विकलं, विषय संपला."

"विकलेलं नाही पण."

"ते मला कळलं हो. कागदावर विकलेलं दाखवा. सगळे तसंच करतात."

मंचरात चिंध्यावाला मिळायला मला दहा मिनिटं लागली नसती, आणि त्यानं चहाच्या आधी पावती फाडून दिली असती. मी विचार केला नाही असं नाही. पण त्या पावतीचा अर्थ काय झाला असता? कातरण चिंध्यावाल्याला गेलं. मग बायकांच्या घरात आहे ते कुठून आलं? आज कुणी विचारणार नाही, दोन वर्षांनी कुणी विचारेल, आणि तेव्हा माझ्याच सहीनं माझ्या बायका चोर ठरतील. वर्षभर एकेक शनिवार मी खरं वजन लिहिलेलं, ते एका कागदानं खोटं ठरवायचं.

"नाही," मी म्हटलं.

"ताई, ऑर्डर जाईल."

"गेली तर गेली. पावती आणणार नाही."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो, आहे."

फोन ठेवला आणि काटा पुसायला घेतला. राग आला की मी काहीतरी पुसते. हा काटा म्हणजे लोखंडी पाटाचा जुना वजनकाटा. आमची शेड आधी एका व्यापाऱ्याचं कांद्याचं गोदाम होती. त्यानं जागा दिली तेव्हा काटा हलवायचा कंटाळा केला आणि मी तो ठेवून घेतला. दर वर्षी वजनमापवाल्यांचा शिक्का मारून आणते. कांद्यावर आयुष्य गेलेला काटा आहे, कापसाला काय घाबरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊपासून गोधड्या यायला लागल्या. कुणी स्कूटीवर पुढं ठेवून आणल्या, कुणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बांधून. बोरी बुद्रुक माझं सासर. तिथल्या तिघी माझ्याकडं कामाला आहेत, त्यांच्या अकरा गोधड्या बाजाराला निघालेल्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर लादून आल्या. मावशी एसटीतून उतरल्या त्या चार वाकळांच्या गाठोड्यामागं दिसतच नव्हत्या.

"कंडक्टर इचारतोय, मावशी, बिऱ्हाड कुठं हलवलं? म्हणलं, राव, ऑडिटला चाललेय."

"मग?"

"मग काय, लगेजचं तिकीट फाडलं मेल्यानं."

ऑडिटर अडीचला आला. दारात थांबला. कटिंगच्या टेबलावर, मशिनींवर, दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर गोधड्याच गोधड्या. लाल काठाच्या, हिरव्या काठाच्या, कडेनं ठिगळांच्या त्रिकोणांची रांग लावलेल्या. दोन गोण्यांत अजून न शिवलेलं कातरण होतं, तेही आणलं होतं.

"हे सगळं?"

"चाळीस गोधड्या. एक्केचाळिसावी येईल. बसा, पाणी घ्या, मग वजन करू."

त्यानं आधी काट्याचा शिक्का बघितला. बघू दे. मग म्हणाला, "पण मॅडम, यात नुसतं तुमचं कातरण नाही. वर साड्या आहेत, दोरा आहे."

"साडी वजा करा."

"प्रत्येकीची साडी वेगळी."

याचं उत्तर मी सकाळीच काढून ठेवलं होतं. बायकांकडून जुनी लुगडी आणि साड्या मागवल्या होत्या, दहा-बारा. सगळ्या त्याच्यासमोर काट्यावर टाकल्या. सगळ्यांत जड निघालं मावशींच्या सासूचं नऊवारी. "हे धरा," मी म्हटलं. "प्रत्येक गोधडीमागं या लुगड्याचं वजन कापा, आणि वर शंभर ग्रॅम दोऱ्याचे. आमचं नुकसान झालं तर होऊ दे."

त्याला ते पटलं. निदान वही काढली. मग एकेक गोधडी काट्यावर चढायला लागली. मी वजन ओरडायची, तो लिहायचा, भाभी जिची गोधडी तिची सही घ्यायच्या. आठ-दहा झाल्यावर त्यानं मान वर केली.

"साडी, दोरा आणि कातरण. अजून काही असतं का आत?"

"भाकरी," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"भाकरीचा तुकडा. वाकळ पुरी व्हायच्या आधी शेवटच्या कोपऱ्यात घालायचा आन् मग टाका मारायचा. उपाशी वाकळ अंगावर घेऊ न्हाई. आमच्या घरात तशी रीत हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्याची पंचाईत मला दिसत होती.

"किती ग्रॅम असेल?"

"पावणं, आमी भाकरी मोजून खात न्हाई," मावशी म्हणाल्या. "धरा की बोटाएवढी."

त्यानं सरसकट पाच ग्रॅम धरले. ते पान मी जपून ठेवलंय. 'वजा भाकरी' असा रकाना त्यानं स्वतःच्या अक्षरात काढलाय.

पंचविसाव्या गोधडीला तो अडला. "मला एक नमुना उघडून बघावा लागेल. आत तुमचंच कापड आहे याची खात्री नको का?"

दोघींनी आपापली गोधडी जवळ ओढली. गोधडी उसवायची म्हणजे काय ते ज्यानं शिवलेली नाही त्याला कळत नाही. चार बोटांवर एक अशा टाक्यांच्या रांगा, महिना-महिना मांडीवर घेऊन घातलेल्या.

"तुम्ही आमच्या आधी सूतगिरणीचं ऑडिट करता का?" मी विचारलं.

"मी नाही, पण होतं."

"तिथं सूत पिंजून बघतात, त्यात कुणाच्या शेतातला कापूस आहे ते?"

"तसं नसतं मॅडम. तिथं कापूस मिसळणं मान्य आहे. आम्ही वजन आणि कागद बघतो."

"मग इथंही वजन बघा आणि कागद बघा. गिरणीत हजारो किलोची सरमिसळ चालते. इथं आमच्या बायकांनी चिंधीला चिंधी जोडली तर आत हात घालून बघायचंय? गिरणीवाल्याच्या वहीवर विश्वास आहे आणि माझ्या काट्यावर नाही, असं स्पष्ट लिहून द्या. मी तेच पोर्टलवर चढवते."

माझा आवाज चढला होता. तो लालबुंद झाला, पण जागचा हलला नाही. "मला एक नमुना लागेल," पुन्हा म्हणाला, हळू आवाजात. "नाहीतर वरचे माझंच ऐकणार नाहीत. म्हणतील, गोधड्यांत काय भरलं होतं तुला काय माहीत."

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं. मी काही बोलायच्या आत मावशींनी आपली एक वाकळ त्याच्यापुढं टाकली.

"उसव. पर एक सांगते. उसवली ती तूच शिवायची."

त्यानं मान डोलावली. मावशींनी कात्री दिली. त्यानं एका कडेनं वीतभर टाके काढले आणि आत बोटं घातली. पिवळ्या ठिपक्यांचं कापड निघालं, मग निळ्या पट्ट्यांचं, मग छोट्या हत्तींचं. तिन्ही त्याच्या टॅबवर फोटोसकट होती, आमच्या तीन ऑर्डरींची. सगळ्यांत शेवटी बोटाएवढा, लाकडासारखा वाळलेला भाकरीचा तुकडा.

त्यानं फोटो काढले. तुकड्याचासुद्धा. मग मावशींनी सुईत दोरा ओवून त्याच्या हातात दिली. शर्ट खोचलेला तो मुलगा खाली सतरंजीवर बसला आणि तुकडा आत सरकवून टाके घालायला लागला. चार टाके घातले, चारही चार दिशांना. मावशींनी वाकून बघितलं, कात्री घेतली आणि चारही टाके कराकर कापले.

"ऊठ बाबा. असलं काम माझ्या वाकळंवर न्हाई चालायचं."

तिथून तो जरा सैल झाला. एक्केचाळिसावी गोधडी भाभींची लेक घेऊन आली, आत बाळ झोपलेलं. तिनं सरळ काट्यापाशी येऊन विचारलं, "उठवू का?"

"नको, नको," ऑडिटरच घाईघाईनं म्हणाला.

बाळासकट गोधडी काट्यावर ठेवली. भाभी दोन्ही हात पसरून वाकून उभ्या. बाळाचं वजन अंगणवाडीच्या कार्डावर होतं, लेकीनं कार्ड पुढं केलं.

"हे कधीचं आहे?"

"बुधवारचं."

"आज शुक्रवार. दोन दिवसांत वाढलं असेल ना."

"वाढलं असेल तर गोधडी हलकी धरा," मी म्हटलं. "आम्हाला चालेल."

त्यानं पन्नास ग्रॅम वाढवून धरले. बाळ शेवटपर्यंत उठलं नाही.

साडेपाचला बेरीज झाली. गोधड्यांतलं कातरण आणि दोन गोण्यांतलं मिळून एकशे सहा किलो. आठ किलो कमी पडत होतं.

"हे आठ किलो?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चुलीवरचं भांडं उतरवायच्या चिंध्या, पुसणी, एक बाहुली. मग बोरीच्या एकीनं खरं ते सांगितलं. "टोमॅटो बांधला."

"म्हणजे?"

"झाडं काठीला बांधायची असत्यात न्हवं? सुतळीनं खोड कापतं. कापडाची पट्टी मऊ. दीड एकर बांधला."

"ते दाखवता येईल?"

"तोडा संपला. झाडं उपटून बांधावर टाकली. येताय का बांधावर?"

इथं मला दुसऱ्यांदा सोपा रस्ता दिसला. लुगडं हलकं धरलं असतं तरी ते आठ किलो भरून निघाले असते. ऑडिटर आता नाही म्हणाला नसता. त्यानं स्वतःच ते सुचवल्यासारखं केलं, "साडीचं वजन आपण जरा जास्तच धरलंय."

"धरलंय ते धरलंय," मी म्हटलं. "आठ किलो आम्हाला दाखवता येत नाहीत असं लिहा. तेवढे क्रेडिट कापा. पण एकशे सहा किलो दाखवले आहेत, तेही लिहा. आणि 'शिल्लक' हा रकाना माझा चुकला, तेही लिहा. 'इतर'मध्ये टाका."

"इतरमध्ये कारण द्यावं लागतं."

"गोधड्या."

त्यानं लिहिलं. पोर्टलनं पुरावा मागितला, तर बारा जणींच्या सह्यांची ती पानं आणि गोधड्यांसमोर उभ्या बायकांचा फोटो चढवला. फोटोत मावशी रागावलेल्या दिसतात. लगेजच्या तिकिटाचा राग त्यांच्या मनातून गेला नव्हता.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. त्या तीन आठवड्यांत मी दुसरं काम शोधत होते, शाळेच्या गणवेशाचं, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या गाद्यांच्या खोळींचं. काहीच नक्की होत नव्हतं. बायका विचारायच्या नाहीत, फक्त माझा फोन वाजला की मशिनी मंदावायच्या. मग उत्तर आलं. आठ किलोचे क्रेडिट कापले, चुकीच्या नोंदीबद्दल ताकीद दिली आणि खातं चालू ठेवलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "ताकीद म्हंजी काय?"

"पुन्हा असं करू नका."

"वाकळा शिवू नका?"

"रकाना चुकवू नका."

"मग ठीक हाय. त्यो तुमचा घोळ."

आठवड्याभरात एजंटबाईंचा फोन आला. आवाज एकदम गोड. परदेशातल्या गिऱ्हाइकानं ऑडिटच्या कागदांत गोधड्यांचे फोटो पाहिले होते आणि त्यांना ते भयंकर आवडले होते. "ताई, त्यांना दोनशे नग हवेत. पाळण्यात घालायला, बाळाच्या मापाच्या. त्यावर कार्ड लावायचं, गावच्या बायकांची कहाणी. आणि तो भाकरीचा तुकडा, तो तर कमाल आहे. अर्थात खरी भाकरी नाही घालायची, कस्टम्सला चालणार नाही. कापडाची घालू."

महिन्याभरापूर्वी याच बाई मला त्या कातरणाची खोटी विक्री दाखवायला सांगत होत्या.

मी मशिनी थांबवून सगळ्यांना विचारलं. निर्णय त्यांचाही होता. कुणाला शिवायच्या असत्या तर मी नाही म्हणाले नसते. भाभींनी विचारलं, "कातरण त्याला लागलं तर आम्हाला काय राहील?" मावशींनी विचारलं, "कापडाची भाकरी?" आणि कटिंग करायला लागल्या.

"झबली कितीही सांगा," मी फोनवर म्हटलं. "गोधड्या विकायला नाहीत."

"ताई, परत विचार करा. केवढी मोठी संधी आहे."

"केला विचार. बारा जणींनी केला."

ऑर्डर झबल्यांचीच राहिली. मोठी झाली नाही, लहानही झाली नाही. शनिवारचं वजन मी आता प्रत्येकीच्या नावापुढं वेगळं लिहिते, तिची सही घेते आणि पोर्टलवर 'इतर'वर बोट ठेवते. टोमॅटो बांधायला न्यायचं असेल तर तसं सांगायचं, असा नियम केलाय. माझ्या वहीत तोही रकाना आहे.

या वर्षी ऑडिटर बदलला. नव्या बाई आहेत. यायच्या आधी फोनवर त्यांनी विचारलं, कातरण कुठं ठेवलंय, बघायला मिळेल ना.

"मिळेल की," मी म्हटलं. "चौदा किलो मंचरात, वीस बोरीला, बावीस येडगावला. येडगावची गाडी नारायणगावहून सुटते. वेळ कळवू का?"